आकाशचिन्ह उभं कुणाच्या जमिनीवर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनवरच्या त्या प्रसिद्ध बाकाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. अर्धं बाक महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली आणि हद्द थेट फलाटावरून गेली. लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र भलताच प्रश्न पडतो. इथे कुणी जाहिरातीचा फलक उभारला, तर परवानगी कुणाची? नवापूरची, पलीकडच्या राज्याची, की रेल्वेची? गंमत वाटते ना? थांबा जरा.

'फलकांवर नियंत्रण कशासाठी?' असं विचारलं की आपण 'शहर विद्रूप होतं म्हणून' असं सांगून मोकळे होतो. चूक नाही ते. 1995 च्या राज्याच्या कायद्याच्या नावातच 'मालमत्तेचं विद्रूपण' आहे. पण त्याच्या मागे जाऊन बघा. पुणे महापालिकेत फलकांचं काम बघणारं खातं आहे 'आकाशचिन्ह विभाग'. शब्द कवितेतला वाटतो, पण आहे 'स्काय साइन'चं सरळ भाषांतर. लंडनमध्ये छपरांवर सांगाडे उभारून अक्षरं टांगायची टूम निघाली होती, ती आवरायला 1891 मध्ये स्काय साइन्स ॲक्ट आला. तीच कल्पना आपल्या 1949 च्या महापालिका कायद्यात, कलम 244 मध्ये सापडते: खांबावर किंवा सांगाड्यावर उभी, रस्त्यावरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात. त्यात फुगा आणि पॅराशूटसुद्धा येतं. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा वगळलाय, तोही जाहिरात करत नसेल तरच! फलक सुंदर की कुरूप, हे ही व्याख्या विचारतच नाही. तो कशाच्या आधाराने उभा आहे, एवढंच विचारते.

आणि तो पडतो तेव्हा? 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात रेल्वेच्या जागेवरचा सांगाडा काढताना कोसळला, चार माणसं गेली. 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात फलक पेट्रोल पंपावर पडला, 17 जण गेले. तो साधारण 120 बाय 120 फुटांचा होता. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40. म्हणजे नियम होता. पण जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी तिथूनच दिलेली, आणि महापालिकेचं म्हणणं की आमची घेतलीच नव्हती. नवापूरचा प्रश्न आता गमतीचा राहिला नाही.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी मुंबई-पुण्याचं हे सगळं वाचन उचलून नंदुरबारला लावलं होतं. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कायदा कोणता?' नंदुरबारला महापालिका नाही, नगरपरिषद आहे. तिथे 1965 चा वेगळा अधिनियम चालतो. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

तेव्हा तुम्ही नगरपरिषदेत गेलात तर नियमांची प्रत नंतर मागा. आधी परवान्यांची नोंदवही मागा, आणि तिच्यात जागेच्या मालकाचा रकाना आहे का ते बघा.