शब्दवेध : टोरी

ब्रिटनच्या हुजूर पक्षाला आजही सर्रास ‘टोरी’ म्हणतात. शब्द मुळात आयरिश. अर्थ, पाठलाग करणारा. सतराव्या शतकात इंग्रजांनी जमिनी हिसकावल्यावर रानोमाळ भटकत वाटमारी करणाऱ्या कॅथलिक आयरिशांना तो चिकटला.

इंग्लंडच्या राजकारणात तो शिरला १६७९ ते १६८१ च्या पेचप्रसंगात. दुसऱ्या चार्ल्सला औरस संतती नव्हती. वारस होता कॅथलिक झालेला भाऊ जेम्स. त्याचा वारसाहक्क काढून घेणारे विधेयक संसदेत येताच राजाने संसद पुन्हा पुन्हा बरखास्त केली. ऑक्सफर्डला भरवलेली संसद तर आठवडाभरात गुंडाळली.

जेम्सची बाजू घेणाऱ्यांना विरोधक ‘टोरी’ म्हणजे पोपचे दरोडेखोर म्हणू लागले. त्यांनीही उसने ठेवले नाही. विरोधकांना ‘व्हिग’ ठरवले. हे ‘व्हिगमोर’चे लघुरूप, १६४८ मध्ये एडिंबरोवर चालून गेलेल्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन बंडखोरांचे नाव.

जेम्स १६८५ मध्ये गादीवर आला आणि १६८८ मध्ये परागंदा झाला. शिव्या मात्र पक्षांची नावे बनल्या. व्हिग १८५९ मध्ये लिबरल पक्षात विरघळले. राजनिष्ठांना मिळालेले लुटारूंचे नाव तेवढे अजून नांदते आहे.