जुन्या गाडीचे व्हील अलाइनमेंट घरी करता येते का?

पुढच्या चाकांचे अलाइनमेंट म्हणजे दोन्ही चाकांचे कोन कंपनीने ठरवल्याप्रमाणे आहेत का, हे तपासून दुरुस्त करणे. गॅरेजमध्ये हे काम मशीनवर होते. मात्र मारुती ८०० सारख्या जुन्या, साध्या रचनेच्या गाडीत यातला एक महत्त्वाचा भाग खडू, ओळंबा आणि मोजपट्टी वापरून घरीही नीट करता येतो.

तीन कोन, पण घरी एकच

गाडीकडे समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर झुकलेले दिसते, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. वरून पाहताना दोन्ही चाकांची पुढची टोके जवळ आलेली असतील तर टो-इन, लांब गेलेली असतील तर टो-आउट.

घरी फक्त टो दुरुस्त करावा. कॅम्बर किंवा कॅस्टर बिघडला असेल तर सहसा एखादा भाग वाकलेला किंवा झिजलेला असतो, आणि ते काम गॅरेजचेच.

टो चुकल्यावर काय होते? ८०० च्या १२ इंची रिमवरच्या टायरचा व्यास साधारण ५० सेंमी असतो. टो एकूण ३ मिमीने चुकला, म्हणजे प्रत्येक चाक दीड मिमीने तिरके झाले, तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे ३ मीटर आडवा घासला जातो. टो-इन जास्त असेल तर टायर बाहेरच्या कडेने खातो, टो-आउट जास्त असेल तर आतल्या कडेने.

आधी ढिलाई तपासा

टायरमधली हवा योग्य दाबाची करा. मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खडखड झाली तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगमध्ये ढिलाई असू शकते. वर-खाली धरून हलवल्यावर खडखड झाली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासावा लागेल. ढिलाई सापडली तर इथेच थांबा. सैल सांध्यांवर घेतलेले माप पुढच्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही.

मोजण्याची पद्धत

१. टायरच्या मधोमध खडू फासा. ठोकळ्यावर खिळा घट्ट धरून चाक हाताने फिरवा, म्हणजे टायरभर एक बारीक रेघ उमटेल. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ खरी असते.

२. गाडी सपाट फरशीवर उतरवा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या जागी बसेल.

३. दोन्ही टायरांच्या सर्वांत पुढच्या भागी रेघेला दोरी लावून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा. मागच्या बाजूलाही तसेच करा.

४. गाडी बाजूला घ्या. आता पुढच्या दोन खुणांमधले आणि मागच्या दोन खुणांमधले अंतर मोजा. मागचे अंतर जितके जास्त, तितका टो-इन; कमी असेल तर टो-आउट.

हा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा. मागची चाके ओढणाऱ्या जुन्या गाड्यांना सहसा थोडा टो-इन देतात, कारण चालताना पुढची चाके बाहेर फाकू पाहतात. पुढची चाके गाडी ओढत असतील तर हे गणित बदलते. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

दुरुस्ती

टाय रॉडचा लॉकनट सैल करा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाका. रबरी बूटची क्लिपही ढिली करा, नाहीतर रॉडसोबत बूट पिळला जाऊन फाटतो.

टाय रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर तो लांबवल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट. एका वेळी पाव फेराच फिरवा, आणि दोन्ही बाजूंची लांबी सारखीच वाढवा किंवा कमी करा. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढे ढकलून पुन्हा मोजा.

माप जमल्यावर लॉकनट पूर्ण घट्ट करा. संपूर्ण कामात चुकवून चालणार नाही अशी पायरी हीच. नट सैल राहिला किंवा रॉडचे फारच थोडे आटे आत उरले, तर चालत्या गाडीत तो सांधा सुटू शकतो आणि ते चाक स्टिअरिंगच्या ताब्यात राहत नाही. आटे कमी पडत असतील तर काहीतरी वाकलेले आहे असे समजा आणि गाडी गॅरेजला न्या.

शेवटची चाचणी

मोकळ्या, सरळ रस्त्यावर हळू चालवून पाहा. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे गेली तर लगेच काळजी नको. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग वाकडे दिसते, असे झाले तर एक टाय रॉड जितका लांबवाल तितकाच दुसरा आखूड करा. एकूण टो तोच राहतो. मात्र गाडी जोरात एका बाजूला ओढत असेल, किंवा अपघातात पुढून मार बसलेला असेल, तर मशीनवरच तपासणी करून घ्यावी.