नवा गेमिंग पीसी घ्यायचा की जुनाच सुधारायचा? लाखभर रुपये घालण्याआधी हे तपासा

काचेचं कॅबिनेट, आत रंगीत पंखे आणि खाली कॅप्शन 'ड्रीम सेटअप'. असे रील्स बघून अनेक जण दुकानदाराकडून कोटेशन मागवतात. मॉनिटर धरून आकडा लाखाच्या घरात गेला की घरात प्रश्न सुरू होतात. एवढी गरज आहे का? जुना पीसी चालत नाही का? हप्ते कोण भरणार?

हे प्रश्न चुकीचे नाहीत. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जे गणित बरोबर होतं, ते आज चुकू शकतं. मग निर्णय कसा घ्यायचा?

आधी ठरवा, खेळायचं काय आहे?

'भारी पीसी' ही गरज नाही, गेम ही गरज आहे. व्हॅलोरंटसारखा गेम साध्या मशीनवरही चालावा अशाच पद्धतीने बनवलाय. तुम्ही दिवसाचे दोन तास तेवढंच खेळत असाल, तर महागड्या ग्राफिक्स कार्डाची बरीचशी ताकद पडून राहील. सायबरपंक २०७७ सारखे गेम मात्र खरोखर ताकद मागतात.

दुसरा प्रश्न मॉनिटरचा. १०८०पी आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० च फ्रेम दाखवतो. पीसीने २०० फ्रेम तयार केल्या, तरी डोळ्यांना दिसणारा फरक थोडाच. म्हणजे कार्ड घेतलं की मॉनिटरचाही खर्च मागोमाग येतो.

'जीटीए ६' साठी आत्ताच पीसी घ्यावा का?

नाही. रॉकस्टारने या गेमसाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलसाठी. पीसीचं नाव त्या घोषणेत नव्हतं. याआधीचा अनुभवही बघा. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ साठीही पीसीवाल्यांना साधारण वर्षभर थांबावं लागलं. जो गेम पीसीवर कधी येणार हेच ठरलेलं नाही, त्यासाठी आज कार्ड घेणं म्हणजे बाजारात तुरी.

जुना पीसी नेमका कुठे अडतोय?

बहुतेक वेळा सगळा पीसी जुना झालेला नसतो, एखादाच भाग अडत असतो. तो घरच्या घरी शोधता येतो.

गेम सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स' बघा. जीपीयूचा वापर सतत ९५ ते १०० टक्के असेल, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. जीपीयू निवांत आहे आणि तरीही गेम अडखळतोय, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन कमी करा. तरीही एफपीएस वाढला नाही, तर दोष कार्डाचा नाही.

गेम लोड व्हायलाच मिनिटं लागत असतील आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाकल्यावर मोठा फरक पडतो. रॅमची एकच स्टिक असेल, तर तशीच दुसरी लावल्याने बऱ्याच गेमना फायदा होतो. आणि पीसी तापून मंद होत असेल, तर धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदला. हा खर्च काही शे रुपयांचा आहे.

रॅम महागली, त्याचा आपल्याशी काय संबंध?

जगातली बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे नफाही जास्त मिळतो, म्हणून या कंपन्यांचा भर तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पूर्ण नवा पीसी घेताना नेमकी हीच गोष्ट महागात पडते. एएमडीचा २०२२ पासूनचा एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ रॅम घेतो. तुमच्याकडची डीडीआर४ त्यात बसतच नाही. म्हणजे चालू रॅम काढून महाग झालेली रॅम विकत घ्यायची.

याउलट पीसी एएम४ सॉकेटचा असेल, तर अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून रायझेन १६०० च्या जागी रायझेन ५६०० बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच, कॅबिनेटही तेच. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर कोणते प्रोसेसर चालतात याची यादी असते, ती आधी बघा.

मग नवा पीसी कधी घ्यावा?

पीसी डीडीआर३ च्या काळातला असेल, तर सुधारणेवर पैसे घालण्यात अर्थ नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटलाही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट हवं. इथे अडलात तर नवा घेणं योग्य.

व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी किंवा डिझाइनच्या कामातून त्याच मशीनवर पैसे मिळणार असतील, तरी हिशेब बदलतो. पण ते काम आज सुरू असायला हवं. 'पीसी आला की स्ट्रीमिंग सुरू करतो' हे कारण धरू नका.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

कोटेशन बहुतेकदा कॅबिनेटपुरतंच असतं. मॉनिटर, कीबोर्ड, हेडफोन, विंडोजचं लायसन्स आणि यूपीएस वेगळे. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे दर करासह आहे का हे विचारून घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' याला भुलू नका. बिल नसेल तर वॉरंटी मागताना अडचण येते.

वीज जाणाऱ्या भागात यूपीएस लागतोच. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेमिंग पीसीला तो अपुरा पडू शकतो. पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवू नका. तो बिघडला तर बाकीचे महाग भागही सोबत नेऊ शकतो.

विजेचं गणित सोपं आहे. पीसी ४०० वॅट घेतो आणि रोज ३ तास चालतो असं धरा. महिन्याला ३६ युनिट होतात. १० रुपये युनिट धरला तर ३६० रुपये.

'नो कॉस्ट ईएमआय'ही नीट वाचा. शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय. बऱ्याचदा रोख घेतल्यावर मिळणारी सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो.

शेवटचा हिशेब

एक लाखाचा पीसी पाच वर्षं वापरणार असं धरा. आठवड्याला १५ तास खेळलात तर एकूण ३,९०० तास, म्हणजे तासाला साधारण २६ रुपये. ही करमणूक महाग नाही. पण नोकरी, कॉलेज आणि लोकलच्या प्रवासातून आठवड्याला पाचच तास मिळत असतील, तर तोच तास ७७ रुपयांना पडतो. म्हणून गेल्या दोन आठवड्यांत खरोखर किती तास खेळलात ते स्टीमवर बघा आणि तो आकडा इथे घाला.

तरीही ठरत नसेल, तर जो भाग अडतोय तेवढाच बदला आणि महिनाभर खेळून बघा. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड शक्यतो असे निवडा की पुढे नव्या पीसीतही लावता येतील. मग नंतर नवा घ्यायचं ठरलं, तरी आज घातलेले पैसे वाया जाणार नाहीत.