गळत्या पानांचा पाठ

१८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील शेतकऱ्यांचीं मुलें खेडीं सोडून शहराकडे धांवूं लागलीं. त्यांना भोंवतालच्या सृष्टीची गोडी लागली तर हा ओघ आटोपेल, या आशेनें कॉर्नेल विद्यापीठानें सरकारी साहाय्यानें शाळांकरितां सृष्टिनिरीक्षणाचीं पत्रकें काढलीं.

या कामीं ॲना बॉट्सफर्ड कॉम्स्टॉक या विदुषी अग्रेसर होत्या. शरद ऋतूंत रंगलेलें मेपलचें पान मुलानें न्याहाळावें, त्याचें चित्र काढावें, पाहिलेलें स्वतःच्या शब्दांत लिहावें. पिवळा रंग पानांत आधींच असतो. हिरवा ओसरतांच तो दिसूं लागतो. शिक्षकास एखादें उत्तर ठाऊक नसेल तर त्यानें तसें मोकळेपणीं सांगून मुलांसह शोध घ्यावा, असा बाईंचा आग्रह होता. आपल्याकडील किती गुरुजींना हें मानवेल?

त्यांचे सहकारी जॉन स्पेन्सर यांच्या बालमंडळाची वर्गणी पैशांत नसे. निरीक्षणाचें पत्र लिहिणें हीच वर्गणी!

बाईंचा सृष्टिनिरीक्षणावरील ग्रंथ १९११ सालीं त्यांच्या पतींनीं तोटा गृहीत धरून छापला. १९३९ पर्यंत त्याच्या २४ आवृत्त्या निघाल्या. शहराकडील ओघ मात्र थांबला नाहीं. १९२० च्या शिरगणतींतच अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक वस्ती शहरवासी भरली.