एकिप नोत्र-दाम

कॅथलिक विवाहितांची आंतरराष्ट्रीय चळवळ. मूळ पॅरिसचे. फ्रेंच नावाचा अर्थ ‘पवित्र मरियेचे गट’. एका गटात साधारण पाच ते सात जोडपी आणि मार्गदर्शक म्हणून एक धर्मगुरू असतात. महिन्यातून एकदा ते कुणा एकाच्या घरी जमतात. मोडायला आलेली लग्ने सावरण्यासाठी ही चळवळ निघालेली नाही. ज्यांचा संसार वरवर नीट चाललेला आहे, अशाच नवराबायकोंना डोळ्यांपुढे ठेवून तिची आखणी झाली. हे तिचे वेगळेपण सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवे.

चळवळीचे संस्थापक फादर आँरी काफारेल (१९०३–१९९६) हे लियोंचे. १९३० मध्ये पॅरिसला त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लग्न झालेल्या माणसाने देवाच्या वाटेवर कसे चालावे, हा प्रश्न घेऊन एक तरुणी त्यांच्याकडे आली. नंतर ती नवऱ्याला घेऊन आली आणि त्या दोघांनी आणखी तीन जोडप्यांना आणले. २५ फेब्रुवारी १९३९ रोजी या चार जोडप्यांची पहिली बैठक झाली. काफारेल यांच्यापाशी तयार उत्तर नव्हते. आपण मिळून शोधू, असे त्यांनी सुचवले. त्या काळी कॅथलिक जगात साधुत्व मठवासींचे आणि धर्मगुरूंचे, संसारी माणसाने मिस्सा चुकवू नये, मुलांना धर्मशिक्षण द्यावे, एवढे पुरे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड घालणारे एकनाथ मराठी वाचकाला ओळखीचे आहेत. फ्रान्समधल्या त्या चार जोडप्यांना मात्र आपली वाट चाचपडतच काढावी लागली.

काही महिन्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. घराघरांतल्या या बैठका युद्धकाळात थांबल्या नाहीत, उलट गट वाढले. १९४३ मध्ये तरुण विधवांसाठी काफारेल यांच्या मार्गदर्शनाखाली वेगळे मंडळ उभे राहिले. १९४५ मध्ये त्यांनी ‘लान्नो दॉर’, म्हणजे ‘सोन्याची अंगठी’, हे वैवाहिक अध्यात्माला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. गट वाढले तशी शिस्तीची गरज भासू लागली. नुसत्या मैत्रीच्या गप्पा होऊन बैठक संपू नये, ही काफारेल यांची काळजी होती. ८ डिसेंबर १९४७ रोजी, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, पॅरिसच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये चळवळीची सनद जाहीर झाली. आजचे नाव आणि आजची घडी तेव्हापासूनची.

मासिक बैठक जेवणाने सुरू होते. जेवण साधे असावे असा संकेत आहे. यजमानीण स्वयंपाकघरात अडकून पडली, तर बैठकीला तीच मुकेल. जेवताजेवता मागच्या महिन्यातले सुखदुःख सांगितले जाते: नोकरी, आजारपण, मुलाचे बिनसलेले. मग बायबलवाचन आणि प्रार्थना होते. घेतलेले नियम कितपत पाळले गेले, हे प्रत्येक जोडपे सांगते आणि शेवटी ठरलेल्या विषयावर चर्चा होते. विषयाचे वाचन आधी नवराबायकोने मिळून घरी करायचे असते. गटाची जबाबदारी दरवर्षी निवडलेल्या एका जोडप्याकडे असते, धर्मगुरूकडे नाही. मरियेचे स्तोत्र प्रत्येक सभासद रोज म्हणतो.

नियम सहा आहेत. देवाचे वचन रोज ऐकावे, रोज एकांतात ध्यान करावे, नवराबायकोने मिळून प्रार्थना करावी, वर्षातून एकदा एकांतसाधना करावी, हे चार कोणत्याही भाविक मंडळात सापडतील. पाचवा स्वतःपुरत्या जीवननियमाचा: प्रत्येकाने आपल्या स्वभावातली एखादी बारीकशी गोष्ट धरून ती सुधारत राहायची. रागाच्या भरात जेवणाच्या ताटावरून उठायचे नाही, इतकी ती छोटी असू शकते.

सहावा मात्र या चळवळीने ख्रिस्ती संसाराला दिलेली खरी देणगी आहे. त्याचे फ्रेंच नाव ‘दव्वार द सास्वार’, म्हणजे बसण्याचे कर्तव्य. लूकच्या शुभवर्तमानात येशू एक दाखला देतो: बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करत नाही का? काफारेल यांनी हा दाखला संसाराला लावला. महिन्यातून एकदा नवराबायकोने दिवस आणि वेळ ठरवून समोरासमोर बसायचे. आधी थोडा वेळ शांत राहून प्रार्थना करायची आणि मग एरवी राहून जाते ते बोलायचे. वीजबिल, शाळेची फी, पाहुण्यांची सोय हे बोलणे घरात रोज चालते. पण गेल्या महिन्यात तू असे म्हणालास तेव्हा मला लागले, किंवा तू किती दमतेस हे मला दिसते, हे बोलायला वेळ काढावा लागतो. एक बोलत असताना दुसऱ्याने मधे तोडायचे नाही, बचाव करायचा नाही. ज्या जोडप्याचे कधी भांडण होत नाही त्यालाही या बसण्याची तितकीच गरज असते, कारण न बोलण्याची सवय भांडणासारखी ऐकू येत नाही. गटात विचारतात ते एवढेच, की बसलात का? काय बोललात हे सांगण्याचे बंधन नसते. हा संकोच राखला म्हणूनच हा नियम इतकी वर्षे टिकला असावा.

१९५० मध्ये साओ पाउलोत पेद्रो आणि नान्सी मोंकाऊ या दांपत्याने ब्राझीलमधला पहिला गट सुरू केला. पुढे सर्वाधिक गट त्याच देशात झाले. आज सुमारे ९० देशांत चळवळ आहे आणि भारतातही तिचे गट आहेत. मुंबई-गोव्याकडच्या कॅथलिकांना मात्र ‘मॅरेज एन्काउंटर’ अधिक ओळखीचे. फादर गाब्रिएल काल्वो यांनी बार्सिलोनात १९६२ मध्ये सुरू केलेल्या त्या उपक्रमात दोन-तीन दिवसांचे शिबिर असते. एकिपचा भर एकदाच्या भारावण्यावर नसून महिन्यामागून महिना चालणाऱ्या सवयीवर आहे.

१९७० मध्ये रोमला जमलेल्या सभासदांपुढे पोप सहावे पॉल यांचे भाषण झाले. १९७३ मध्ये काफारेल चळवळीच्या नेतृत्वातून बाजूला झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी त्रूस्यूर येथे प्रार्थना शिकवण्यात घालवले. व्हॅटिकनची औपचारिक मान्यता १९९२ मध्ये मिळाली आणि २००२ मध्ये ती कायम झाली. आंतरराष्ट्रीय मेळावे काही वर्षांच्या अंतराने भरतात. युरोपबाहेरचा पहिला मेळावा २०१२ मध्ये ब्राझिलियाला झाला, तर २०२४ चा तुरीनला.

चळवळीची एक मर्यादा नोंदवायला हवी. चर्चमध्ये विवाहसंस्कार झालेल्यांनाच तिचे दार उघडे आहे. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना बसून बोलण्याची ओढ कमी असते असे नाही, पण नेहमीच्या गटात त्यांना जागा नाही. जोडीदार गेला तर मात्र मागे राहिलेल्याचे सभासदत्व संपत नाही. तो किंवा ती आपल्याच गटात राहते आणि पुढच्या महिन्याच्या जेवणाचे बोलावणे नेहमीसारखे येते.