थेम्सवरील धुके : दृक्प्रत्यय आणि इतिहास

क्षणिक प्रकाशाच्या मोहात दृक्प्रत्ययवादी चित्रकलेने इतिहासाकडे पाठ फिरवली, असा एक समज रूढ आहे. क्लोद मोने याची लंडनमधील चित्रे तो तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त ठरतात.

फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे मोने १८७० मध्ये लंडनला आला. १८७१ च्या सुमारास रंगविलेल्या वेस्टमिन्स्टरजवळील थेम्सच्या चित्रात पार्लमेंटची वास्तू फिकट छायेसारखी उभी आहे. अग्रभागी लाकडी धक्का आणि त्यावरील मजूर मात्र गडद फटकाऱ्यांनी रेखाटले आहेत. धुक्यामुळे सारे दृश्य पुरातन भासते. प्रत्यक्षात वेस्टमिन्स्टर पूल १८६२ चा, नदीकाठचा बांध १८७० मध्ये खुला झालेला, आणि पार्लमेंटची गॉथिक धाटणीची इमारतही १८३४ च्या आगीनंतर नव्याने बांधलेली.

१८९९ ते १९०१ या काळात मोने तीनदा लंडनला गेला. सॅव्हॉय हॉटेलच्या सज्जातून त्याने वॉटर्लू व चेअरिंग क्रॉस हे पूल रंगविले, तर पलीकडच्या तीरावरील सेंट टॉमस रुग्णालयातून पार्लमेंट. पुढे जिव्हर्नी येथे या चित्रांवर दीर्घकाळ काम करून १९०४ मध्ये त्यांपैकी ३७ चित्रे त्याने पॅरिसला द्यूराँ-रूएलच्या दालनात मांडली.

लंडनचे धुके ही दृक्प्रत्ययवाद्यांचीच निर्मिती होय, असा विरोधाभासात्मक सिद्धान्त ऑस्कर वाइल्डने १८८९ मध्ये 'द डिके ऑफ लाइंग'मध्ये मांडला होता. याउलट, टर्नर व मोने यांच्या चित्रांतील धूसरता गंधकाच्या धुराच्या वाढत्या प्रमाणाशी जुळते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैज्ञानिक अभ्यासाने दाखविले. एका मते धुके ही शैली, दुसऱ्या मते पुरावा.

मोनेचा स्वतःचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. १९०० मधील एका पत्रात तो पत्नीला कळवितो की, सकाळी धुक्याचा मागमूसही नसल्याने तो घाबरला; हळूहळू चुली-भट्ट्या पेटल्या आणि धूर व धुके परतले. ज्या आवरणाचे सौंदर्य तो शोधत होता ते कोळशाच्या ज्वलनातून घडते, हे त्याला ठाऊक होते. त्याच धुराने डिसेंबर १९५२ मध्ये हजारो लंडनवासीयांचे बळी घेतले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

म्हणून या चित्रांतील 'प्रत्यय' केवळ आत्मनिष्ठ मानता येत नाही, आणि जिव्हर्नीतील दीर्घ संस्करण लक्षात घेता ती निव्वळ नोंदही ठरत नाहीत. डोळा आणि दृश्य यांच्यामधील हवाच येथे औद्योगिक समाजाने घडविलेली आहे. तिच्या सौंदर्याची मीमांसा करताना ती कोणाच्या श्वासात जात होती, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.