आबाळ : एका शब्दाची साक्ष

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत विंझर लागते. हा सारा टापू राजगड-तोरण्याच्या सावलीतला. इथल्या मुलांना शिवकाल शिकवावा लागत नाही, असे आपण शिक्षक मोठ्या समाधानाने म्हणतो. काही वर्षांपूर्वी कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' शिकवत असताना याच बाजूच्या एका मुलाने विचारले, "सर, त्या चार वर्षांत संभाजीराजांशी कोणी नीट बोलत होतं का?" मुलाचे आईवडील पोटासाठी शहरात, तो गावी चुलत्यांकडे. वर्गात एरवी तोंड न उघडणारा. मी काहीतरी साहित्यिक उत्तर दिले आणि पुढच्या प्रवेशाकडे वळलो. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

संभाजीराजांचे बालपण मराठी साहित्याने बहुधा एकाच शब्दात सांगितले आहे : आबाळ. जन्म पुरंदरावर, १४ मे १६५७. आई सईबाई राजगडावर निवर्तल्या त्या ५ सप्टेंबर १६५९ रोजी. मूल सव्वादोन वर्षांचे, आणि वडिलांपुढे अफजलखानाचे संकट उभे. पुढचे सारे या एका घटनेतून उलगडण्याचा मोह नाटककारांना आणि कादंबरीकारांना आवरला नाही. त्यात सहानुभूती होती हे खरे, पण ती सहानुभूती एक जुना निवाडा मुकाट्याने मान्य करून बसली होती. संभाजीराजांच्या दुर्वर्तनाचे चित्र ज्या बखरीने ठळक केले, तिचा कर्ता मल्हार रामराव चिटणीस हा बाळाजी आवजींच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. शिवाय बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या चरित्रात आणि कमल गोखले यांनी १९७१ च्या ग्रंथात हे चित्र कागदपत्रांवर घासून पाहिले, तेव्हा त्यातला बराचसा रंग उतरला. बखरकार म्हणाले, मुलगा बिघडला. ललित लेखक म्हणाले, बिघडला खरा, पण आईविना वाढला हो! दोघांचे गृहीतक एकच.

आता 'आबाळ' हा शब्दच तपासू. आई नसणे आणि आबाळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्यात मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आईशी, किंवा आईची जागा कायमची घेणाऱ्या व्यक्तीशी, जिव्हाळ्याचे आणि अखंड नाते हवे असे म्हटले आहे. 'किंवा' महत्त्वाचा. भोरजवळच्या कापूरहोळची धाराऊ शंभूबाळाची दूधआई झाली, आणि जिजाबाई तर होत्याच. या दोन बायकांचा हिशेब न करता त्या बालपणाला पोरके ठरवणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

खरे घाव पुढचे. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांचा मुलगा ओलीस म्हणून मिर्झाराजांच्या छावणीत गेला. पुढच्या मे महिन्यात आग्र्याचा दरबार, ऑगस्टमध्ये सुटका, आणि मग वडील पुढे निघाले, मुलगा मथुरेत परक्या घरी मागे. राजकारणाच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही, दोघे एकत्र असते तर दोघेही सापडते. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ही मीमांसा कोण समजावून सांगणार?

मला वाटते, त्या विद्यार्थ्याचा प्रश्न याहूनही पुढच्या काळाला लागू पडतो. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक, संभाजीराजे युवराज; आणि १७ जूनला पाचाडला जिजाबाई गेल्या. युवराज सतरा वर्षांचे. त्यानंतर दरबारातले मंत्र्यांशी वितुष्ट, वारशाची कुजबूज, वडिलांची दक्षिणेची दीर्घ मोहीम आणि त्या काळात शृंगारपूरचा मुक्काम. आज मानसशास्त्र ज्याला भावनिक दुर्लक्ष म्हणते, त्यात अन्नवस्त्राची वाण नसते, विचारपूस नसते. लहानपणी ज्याच्या हाकेला ओ मिळत नाही, तो किशोरवयात हाक मारणेच सोडतो. मग दिसतो तो संताप, अबोला, अविश्वास, कधी टोकाचे पाऊल. मोठ्यांना पाऊल तेवढे दिसते.

डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे सज्जनगडावरून दिलेरखानाला जाऊन मिळाले. या पावलाचे कारण म्हणून मी आबाळीचा दाखला देणार नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या मनाचे निदान करण्याची सनद वाङ्मयाच्या अध्यापकाला कोणी दिलेली नाही, आणि मनोविकारतज्ज्ञांनीही ती परस्पर घेऊ नये. त्यांचे स्वतःचे अक्षर हवे असेल तर 'बुधभूषण' आहे. त्या संस्कृत ग्रंथाच्या आरंभी आजोबांचे आणि वडिलांचे गौरवाने वर्णन येते. रागावलेल्या मुलाचे हे लेखन म्हणावे, की मान्यता मागणाऱ्याचे? मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पुरावा म्हणून नव्हे, वाचक म्हणून.

वर्षभरात संभाजीराजे परतले. शिवाजीमहाराज स्वतः पन्हाळ्याला जाऊन त्यांना भेटले, तो जानेवारी १६८०. बापलेकांचे बोलणे झाले. आपल्या नाटकांना या भेटीचे आकर्षण वाटावे हे साहजिकच आहे. महाराज रायगडी परतले, संभाजीराजे पन्हाळ्यावरच राहिले. ३ एप्रिलला रायगडावर महाराजांचे निधन झाले, आणि तिथल्या मंत्र्यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवण्याचा खटाटोप केला.